हजेरी आणि आंधळीं उत्तरें

वर्गांत हजेरी चालली असतां एक गोष्ट आम्ही नेहमीं पाहतों. मुलांस आपापला क्रम पाठ झालेला असतो. मग नांव कानावर पडो वा न पडो, शेजाऱ्यामागून 'हजर' म्हणण्याची संवय जडते. वर्ग पूर्ण भरलेला असेल तोंपर्यंत हें खपून जातें. मधलाच एखादा गैरहजर असला, कीं त्याच्या नांवाला पुढचा ओ देतो आणि तेथून सारी रांग चुकते. जुन्या संगणकास आपोआप उत्तरें पुरविण्याच्या विद्येंत नेमका हाच धोका आहे.

येथें खालापूर तालुक्यांत शिकवीत असतां गुणपत्रकांसाठीं आम्ही डॉसवर चालणारा एक जुना प्रोग्रॅम वापरीत असूं. त्यांत चित्रें नव्हतीं कीं माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न उमटे व कळफलकावरून उत्तर द्यावें लागे. आधीं हजेरी क्रमांक, मग सहा विषयांचे गुण, शेवटीं 'बरोबर आहे काय?' म्हणून वाय किंवा एन. म्हणजे मुलामागें आठ उत्तरें. साठ मुलांच्या वर्गास 480, आणि प्रत्येकामागून एंटरची कळ!

हा शीण वांचविण्याची सोय डॉसमध्येंच आहे. सर्व उत्तरें एका साध्या फाईलींत एकाखालीं एक लिहावीं, आणि प्रोग्रॅमच्या नांवापुढें गणितांतील 'पेक्षां लहान' हें चिन्ह व त्या फाईलीचें नांव टंकावें. मग प्रोग्रॅम कळफलकाकडे न पाहतां फाईलींतील ओळी वाचीत सुटतो. ही सोय डॉसच्या 1983 सालच्या दुसऱ्या आवृत्तींत आली. मूळ ती युनिक्सची. युनिक्समध्यें तर 'येस' नांवाची एक आज्ञाच आहे. थांबवीपर्यंत ती नुसतें 'वाय' 'वाय' म्हणत राहते. (अशीं मुलेंही आम्हीं पाहिलीं आहेत.)

आम्हीं ही युक्ति केली, आणि तासांचें काम मिनिटांत आटोपलें. परंतु सतरावी मुलगी गणिताच्या परीक्षेस गैरहजर होती. तसें लिहिलें असतां प्रोग्रॅम एक जादा प्रश्न विचारी: 'वैद्यकीय दाखला आहे काय?' फाईलींत त्याचें उत्तर नव्हतें. तेव्हां पुढच्या विषयाचे गुण त्या प्रश्नाच्या पदरीं पडले, आणि तेथून प्रत्येक उत्तर एक घर सरकलें. अठराव्या मुलाचे मराठीचे 54 गुण हजेरी क्रमांक ठरले. त्याचे इंग्रजीचे गुण चोपन्नाव्या मुलीच्या मराठीच्या रकान्यांत जाऊन बसले. अखेरच्या विषयास 'वाय' हें अक्षर मिळालें, त्याचें प्रोग्रॅमनें शून्य केलें. यंत्रानें एकदांही तक्रार केली नाहीं, आणि आम्हींही न तपासतां गुणपत्रकें वांटलीं. दुसऱ्या दिवशीं एक वडील मुलास घेऊन आले. मुलाचे डोळे रडून सुजलेले होते. चूक सर्वस्वीं आमची होती. त्याची आम्हीं क्षमा मागितली, आणि तीं गुणपत्रकें पुन्हां हातानें भरलीं.

यावर खरा उपाय 1990 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील डॉन लिब्स यांनीं केला. त्यांच्या साधनाचें नांव 'एक्स्पेक्ट', म्हणजे वाट पाहणें. तें आधीं प्रश्न वाचतें व मगच उत्तर देतें. दाखल्याचा प्रश्न आला तर एक उत्तर, गुणांचा आला तर दुसरें, असें त्यास सांगून ठेवतां येतें; अपेक्षित प्रश्न दहा सेकंदांत न आल्यास काय करावें, तेंही ठरवितां येतें. मात्र तें युनिक्सवर वाढलेलें साधन आहे.

डॉसमधील पुष्कळ प्रोग्रॅम तर कळा थेट यंत्राच्या मुळापासून घेतात. त्यांना फाईल दाखविली तरी ते ढुंकून पाहत नाहींत. तेथें कळांच्या सांठ्यांतच अक्षरें आगाऊ भरून ठेवीत. पण 1981 सालच्या आयबीएम पीसींत त्या सांठ्यांत अवघ्या 15 कळा मावत. सोळावी दाबली कीं यंत्र ओरडे. आज डॉसबॉक्स-स्टेजिंगमध्यें 'ऑटोटाइप' ही आज्ञा ठराविक अंतरानें कळा दाबते. तीही प्रश्न ऐकत नाहीं, केवळ थांबून थांबून बोलते.

मराठी नांवांची गोष्ट आणखी निराळी. पुण्याच्या सी-डॅकचें जिस्ट कार्ड बसविलें म्हणजे डॉसमध्यें देवनागरी लिहितां येई. त्यामागील इस्की संकेतांत, जो 1991 सालीं भारतीय मानक झाला, प्रत्येक चिन्हास एक बाइट लागे. आजच्या यूटीएफ-8 मध्यें तीन लागतात. 'ज्ञानेश्वर' हें नांव तेव्हां 10 बाइटांत मावे, आतां त्यास 30 लागतात. म्हणून आजच्या संगणकावर लिहिलेली यादी, न बदलतां, वीस बाइटांच्या जुन्या रकान्यास पुरविली, तर ज्ञानेश्वराच्या जागीं पडद्यावर अगम्य खुणा उमटतात, आणि त्याही अर्ध्यावर तुटतात.