थोडे आणि थोडेच



स्नेहसंमेलनाचा इंग्रजी अहवाल आम्हीच लिहिला होता. त्यात एक वाक्य होते, 'फ्यू पेरेंट्स हेल्प्ड अस.' ज्या पालकांनी धावपळ अंगावर घेतली त्यांचे आभार मानावेत, एवढाच हेतू. एक विश्वस्त वाचून म्हणाले, "सर, हे आभार आहेत की तक्रार?"

चूक आमची होती. 'अ फ्यू' म्हणजे थोडे, पण होते. नुसते 'फ्यू' म्हणजे थोडेच, जवळजवळ नव्हतेच. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हा नियम तेव्हा पाठ केला होता आणि ऐन वेळी तो निसटला. खरे तर मराठीत हा सगळा फरक एका 'च'मध्ये आहे. 'थोडे पालक आले' आणि 'थोडेच पालक आले' यांतला भेद पहिलीतल्या मुलालाही शिकवावा लागत नाही. दूध, पाणी यांच्यासाठी 'अ लिटल' आणि 'लिटल' यांचेही तसेच.

इंग्रजी सुधारावे म्हणून घरी मराठी बोलणे बंद करावे का, असे काही पालक विचारतात. करू नये. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांचा गोंधळ 'वेळेवर' आणि 'वेळेत' हे शब्द जवळ असले की बराच मिटतो. साडेसातची बस साडेसातला आली, ती वेळेवर. डॉक्टर वेळेत पोहोचले म्हणून रोगी वाचला, तेथे 'इन टाइम'.

मात्र 'पर्यंत' हा शब्द फसवतो, आणि हिंदीतला 'तक'ही. त्यामुळेच 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' असे लिहिले जाते. काम एकदाच होऊन संपणार असेल तर 'बाय' हवे. एखादी स्थिती तोवर चालू राहणार असेल तर 'टिल'. आम्ही वर्गात एक युक्ती सांगतो. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून पाहावे. 'पाचच्या आत फॉर्म द्या' हे जुळते, म्हणून 'बाय फाइव्ह'. 'ऑफिस पाचच्या आत उघडे राहील' हे कानाला खटकते, म्हणून 'टिल फाइव्ह'. एवढे लक्षात असू द्यावे की 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवारही धरलेला असतो.

आता ही दोन वाक्ये इंग्रजीत करून सोमवारी आणावीत. पालकांनीही करून पाहायला हरकत नाही.

वाचनालय सहापर्यंत उघडे असते.
पुस्तक शनिवारपर्यंत परत करावे.