सुट्टीतला अभ्यास : वजनपावती आणि गुंठा



सुट्टीत पोरं वाचन-हिशेब विसरतात, ही आपली नेहमीची तक्रार. 2020 साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम काढून मोबाईलवर अभ्यास पाठवला. ज्या घरी मोबाईल नव्हता, तिथे तो पोचला नाही. पण आपल्या घरात मोबाईलवाचूनही धडे आहेत.

1) गळीत हंगामातील वजनपावत्या मुलांपुढे ठेवा. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उसाचे निव्वळ वजन निघते. 1000 किलोचा एक टन. चौथीच्या पोराला हे सहज जमते.

2) दोरी घेऊन रानात 33 फूट लांब, 33 फूट रुंद चौकोन आखायला लावा. हा झाला एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

3) पहिली-दुसरीच्या लेकरांनी आजीची गोष्ट ऐकावी आणि तिचे चित्र काढावे.

रोज अर्धा तास पुरे. सक्ती मुळीच नको. कंटाळा आला की खेळायला सोडा. आपल्या उसाचे वजन ताडून पाहणारे कुणीतरी घरात हवे. आज पावती वाचणारं पोर उद्या वार्षिक सभेचा अहवालही वाचील.