विजेची चिमुकली गाडी की छोटी हॅचबॅक? आधी मीटर पाहा, मग किंमत

भिवंडी-मालेगावसारख्या कापडाच्या गावांत तरुण दुकानदार अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. मोटारसायकलला नमुन्यांच्या बॅगा बांधून फिरणे आता नको, चारचाकी घ्यायची आहे. मग नेहमीची छोटी हॅचबॅक घ्यावी, की दोन दरवाज्यांची ती विजेची चिमुकली गाडी?

उदाहरण म्हणून २०२३ साली बाजारात आलेली एमजी कॉमेट घेऊ. लांबी तीन मीटरहून किंचित कमी, चार आसने, १७.३ युनिट वीज साठवणारी बॅटरी. समोर मारुतीची अल्टो के-१० किंवा वॅगन आर. अल्टो साडेतीन मीटरची, तर वॅगन आर त्याहून थोडी लांब.

बहुतेक लोक सुरुवात किमतीपासून करतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा की, रात्री ही गाडी कोठे उभी राहणार आणि तेथे कोणाच्या मीटरची वीज पोहोचणार? साध्या चार्जरवर कॉमेट पूर्ण भरायला सुमारे सात तास लागतात. म्हणजे गाडी रात्रभर एका जागी, खात्रीच्या प्लगला जोडलेली राहिली पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर घर आणि गाडी गल्लीत मिळेल तेथे, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी पुढचा हिशेब करूच नये, हॅचबॅक घ्यावी. खिडकीतून वायर सोडून गाडी भरणे हा धोका आहे. जागा असेल तर मीटरपासून स्वतंत्र, जाड वायर, उत्तम अर्थिंग आणि सोसायटीची लेखी संमती घ्यावी. चार्जरचा भार तीन किलोवॅटहून अधिक असतो, तेव्हा मंजूर भार वाढवावा लागेल का, हेही वीज कार्यालयात विचारावे.

येथे कारखानदार बांधवांना एक इशारा देणे जरूर आहे. यंत्रमागाच्या सवलतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. चार पैसे वाचवायला जाऊन सवलतीच्या जोडणीवरच तपासणी ओढवून घेण्यात कोणता शहाणपणा? वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे, तिची चौकशी करावी.

आता पल्ला. कंपनी एका चार्जवर २३० किलोमीटर सांगते. एसी आणि आपले रस्ते धरून मी १६० धरतो. भिवंडीहून काळबादेवीला, मंगलदास मार्केटपर्यंत जाऊन येणे सुमारे १०० किलोमीटर होते. तेवढे ती सहज करील. गंमत अशी की, माणकोलीच्या कोंडीत अर्धा तास अडकलात तर पेट्रोलची गाडी उभ्या उभ्या पैसे जाळते, विजेची फक्त एसीपुरती वीज खाते. क्लचही नाही, त्यामुळे डावा पाय संध्याकाळी दुखत नाही. मात्र सुरत किंवा इचलकरंजीला जाणाऱ्याने या गाडीचा विचार सोडावा.

खर्चाचा हिशेब नीट मांडू. बॅटरी १७.३ युनिटची असली तरी चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते. मीटरवर २० युनिट धरा. २० युनिटमध्ये १६० किलोमीटर, म्हणजे युनिटला ८. पण दर कोणता धरायचा? येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातात. भिवंडीत वितरण टोरंटकडे असले तरी दर महावितरणचेच लागतात. घराचा वापर २५० युनिट असेल आणि गाडीने महिन्याला १२५ घेतले, तर त्यांतील बरेचसे ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात पडतात. गाडीचा युनिट हा बिलातला शेवटचा, म्हणजे सर्वांत महाग युनिट असतो. म्हणून सरासरी दर न घेता मी १६ रुपये धरतो. किलोमीटरला २ रुपये झाले.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरातली धाव १७ किलोमीटर धरली तर किलोमीटरला ६ रुपये १० पैसे पडतात. सीएनजी किलोला ८० रुपये आणि धाव २५ धरली तर ३ रुपये २० पैसे. आपल्या गावचे दर घालून आकडे बदलून घ्यावेत.

महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्याची पेट्रोलच्या तुलनेत ४,१०० रुपये बचत होते. रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो चार वर्षांत भरून निघतो. सीएनजीशी तुलना केली तर चित्र पालटते. सीएनजी गाडी पेट्रोलहून सुमारे ९०,००० ने महाग, म्हणून फरक १ लाख १० हजार उरतो. पण महिन्याची बचत फक्त १,२००. वसुलीला साडेसात वर्षांहून अधिक लागतात, आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे! जो महिन्याला ३०० किलोमीटरच फिरतो, त्याला पेट्रोलच्या तुलनेतही सुमारे साडेतेरा वर्षे लागतील. कमी फिरणाऱ्याला विजेची गाडी स्वस्त पडते हा समज खरा नाही.

करांचा भाग थोडक्यात. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, त्यामुळे हॅचबॅकची बाजू भक्कम झाली. उलट महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ झाला. या कराचे इनपुट क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला दोन्ही गाड्यांवर मिळत नाही. अंदाजित नफ्याच्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला घसाऱ्याची वेगळी वजावटही नाही, तेव्हा विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नये.

व्याजाच्या हप्त्यांपासून दूर राहू पाहणाऱ्या बांधवांना 'बॅटरी भाड्याने' ही योजना आकर्षक वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट बॅटरीविना ४.९९ लाखांना आणि भाडे किलोमीटरला अडीच रुपये, अशी ती सुरू झाली. त्या दराने १,००० किलोमीटरचे भाडे २,५०० आणि वीज २,०००, एकूण ४,५००. सीएनजीहून हे महाग आहे. दुसरे, करार बहुधा फायनान्स कंपनीशी होतो. तो खरोखर भाड्याचा आहे की कर्जाला भाडे हे नाव दिले आहे, महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, हे करारनामा वाचून, जरूर तर जाणत्या आलिमांना दाखवून ठरवावे.

माल म्हणाल तर गाठी टेम्पोनेच जाणार. प्रश्न नमुन्यांच्या बॅगांचा आणि पाच-सात ताग्यांचा आहे. कॉमेटमध्ये मागची सीट उभी असेल तर सामानाला जागाच उरत नाही. सीट पाडली की चांगली जागा होते, पण मग माणसे दोनच. अल्टोला २१४ लिटरची डिकी आहे, वॅगन आरला ३४१. घरात वृद्ध आई असेल तर पुढची सीट सरकवून मागे शिरणे तिला जमणार नाही. चाके बारा इंची, आणि जादा चाक गाडीसोबत येत नाही, पंक्चरचा संच मिळतो. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याने हे विसरू नये.

तरीही घराखाली हक्काची जागा, रोज चाळीस-पन्नास किलोमीटरची वसुली, अरुंद गल्ल्या आणि घरात दुसरी मोठी गाडी, असे ज्याचे आहे त्याने कॉमेट जरूर घ्यावी. घरात एकच गाडी राहणार असेल तर मी वॅगन आर सीएनजी सुचवीन. मात्र सीएनजीची टाकी डिकीतच बसते, तेव्हा गाडी पाहायला जाताना नमुन्यांच्या बॅगा सोबत न्याव्यात आणि शोरूममध्येच ठेवून पाहाव्यात.