देव न मानणारा माणूस सेवाग्रामला आला तेव्हा (गीता अध्याय १६, श्लोक ८)



आज सोळाव्या अध्यायाचा आठवा श्लोक. खरं सांगायचं तर हा श्लोक मी दोन दिवस टाळत होतो. वाचला, चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि बंद केला. का, ते पुढे सांगतो.

आधी श्लोक काय म्हणतो ते बघू. आसुरी वृत्तीची माणसं जगाबद्दल काय समजतात, हे भगवंत अर्जुनाला सांगत आहेत. जगात सत्य म्हणून काही नाही, जगाला काही आधार नाही, जगाला कुणी ईश्वर नाही, सगळं एकमेकांच्या कामवासनेतून झालेलं आहे. असं त्यांचं म्हणणं. शंकराचार्य भाष्यात म्हणतात, ही लोकायतिकांची दृष्टी. म्हणजे चार्वाकांची.

आता सरळ वाचलं तर उत्तर मिळाल्यासारखं वाटतं ना? देव मानत नाही तो आसुरी. विषय संपला. लहानपणी मलाही असंच वाटायचं. घरी आजी म्हणायची, "देवाचं भय नाही त्याला कशाचंच भय नाही." आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकलेलं असणार.

पण मी वर्ध्याचा. आणि वर्ध्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य इतकं सहज पचत नाही. कारण आमच्या गावापासून जेमतेम आठ किलोमीटरवर, सेवाग्रामच्या आश्रमात, याच प्रश्नावर एक खरीखुरी चर्चा झाली होती. पुस्तकी नाही. दोन माणसं समोरासमोर.

त्यातला एक गांधीजी. दुसरा गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सगळे 'गोरा' म्हणायचे. आंध्रचे. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक असल्याचं उघड सांगायचे म्हणून काकीनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली होती. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सरस्वती यांनी नास्तिक केंद्र काढलं. काम काय? प्रौढांना शिकवणं, अस्पृश्यता मोडणं, सगळ्या जातींच्या लोकांना एका पंगतीत बसवणं. त्या काळी, त्या गावात! नुसतं "देव नाही" म्हणत फिरणारा हा माणूस नव्हता.

गोरांनी गांधीजींना पहिलं पत्र १९३० मध्ये लिहिलं होतं, देव म्हणजे तुम्ही नेमकं काय मानता म्हणून. १९४१ मध्ये पुन्हा लिहिलं, भेटायचंय म्हणून. गांधीजींनी नकार कळवला. बोलायला वेळ नाही, आणि तुमच्या कामाला जे यश आलंय ते नास्तिकतेमुळे नाही, तुमच्या प्रामाणिकपणामुळे आलंय, अशा अर्थाचं उत्तर. (हे उत्तर लक्षात ठेवा. आपण आस्तिक लोक आजही अगदी हेच म्हणतो. चांगला नास्तिक दिसला की, "अरे, तो मनातून देव मानतच असेल.")

१९४४ च्या अखेरीस शेवटी भेट झाली. देव न मानणाऱ्या माणसाशी मी काय बोलू, असं गांधीजींनी सुरुवातीलाच विचारलं. गोरा म्हणाले, मी 'देवहीन' नाही, मी नास्तिक आहे. फरक काय? त्यांच्या लेखी देवहीन म्हणजे नुसता अभाव. नास्तिकता म्हणजे एक जगण्याची रीत, जिच्यात माणूस आपल्या कृतीची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

मग त्यांनी कलकत्त्याचं उदाहरण दिलं. बंगालचा दुष्काळ. मिठाई आणि फळांनी भरलेल्या दुकानांच्या समोर फूटपाथवर माणसं भुकेने मरून पडत होती. तिथे भुकेला बैल किंवा कुत्रा असता तर असा मुकाट मेला असता का? मरणाऱ्यालाही वाटत होतं हे माझं नशीब, आणि शेजारून जाणाऱ्यालाही वाटत होतं हे त्याचं नशीब. देवावर आणि दैवावर भार टाकायची सवय नसती तर असं घडलं नसतं, हा गोरांचा मुद्दा.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा चिडलो होतो. दुष्काळ काय भक्तीमुळे पडला? युद्ध, धान्याचे भाव, सरकारी धोरण, सगळं देवाच्या माथी का? तो राग अजूनही पूर्ण गेलेला नाही, आणि मला वाटतं त्यात थोडं तथ्यही आहे. पण गांधीजी चिडले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, आणि माझा आस्तिकपणा बरोबरच आणि तुमची नास्तिकता चूकच असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्य शोधतोय, या आशयाचं उत्तर दिलं. तुमचा मार्ग माझ्याविरुद्ध आहे तरी तुम्हाला मदत करीन, असंही म्हणाले. ज्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चुकत नव्हती, त्या आश्रमात.

हे अचानक आलेलं औदार्य नव्हतं. डिसेंबर १९३१ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये त्यांनी आपला बदललेला विचार सांगितला होता: आधी ते ईश्वर म्हणजे सत्य म्हणायचे, आता सत्य म्हणजे ईश्वर म्हणू लागले होते. शब्द तेच, क्रम उलटा. आणि कारण काय दिलं? ईश्वर नाकारणारे लोक आहेत, पण सत्याची ताकद नाकारणारा नास्तिकही नाही.

आता आठव्या श्लोकाकडे परत या. त्यात तीन विशेषणं आहेत: असत्य, अप्रतिष्ठ, अनीश्वर. आपण वाचताना डोळे थेट तिसऱ्यावर नेतो. पण पहिलं 'असत्य' आहे! आणि त्याच्या आधीचा सातवा श्लोक काय सांगतो? की या लोकांना काय करावं, काय करू नये ते कळत नाही, त्यांच्यात शुचिता नाही, आचार नाही, सत्य नाही. म्हणजे वर्णन आधी वागण्याचं आहे, मतं नंतर येतात. गोरांना या श्लोकासमोर उभं केलं तर तिसऱ्या शब्दाला ते हो म्हणतील. पहिल्या दोन शब्दांना? अजिबात नाही. मग ते आसुरी कसे? श्लोक तीन गोष्टी एकत्र असलेल्या माणसाबद्दल बोलतोय. एकच असलेल्याबद्दल तो बोलतोय, असं आपण परस्पर ठरवलं.

याच अध्यायाच्या सुरुवातीला दैवी संपत्तीची यादी आहे. पहिल्या तीन श्लोकांत. मोजा, २६ गुण भरतात. अभय पहिला. मग दान, अहिंसा, सत्य, अक्रोध, चहाडी न करणं, प्राणिमात्रांवर दया, क्षमा, शेवटी गर्व नसणं. यात यज्ञ आहे, स्वाध्याय आहे, तपही आहे. पण "ईश्वर आहे असं मानणं" हा गुण म्हणून वेगळा सांगितलेला नाही. आणि नरकाची तीन दारं एकविसाव्या श्लोकात येतात: काम, क्रोध, लोभ. चौथं दार 'नास्तिकता' असं नाही.

उलट आसुरी माणसाचं पुढचं वर्णन वाचलं की घाम फुटतो. तो मीच ईश्वर म्हणतो, मी यज्ञ करीन, मी दान देईन म्हणतो, आणि दंभाने, नावापुरते यज्ञ करतो. यज्ञ करणारा नास्तिक? पुराणातले असुर आठवा. रावण शिवभक्त. हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवासाठी घोर तप केलं. आपल्या परंपरेतला असुर देव आहे हे पक्कं ओळखून असतो. देवाकडून वर घेतो आणि मग वाटेल तसा वागतो.

माझ्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवं की अध्यायाचा शेवट मला इतकं मोकळं सोडत नाही. शेवटच्या दोन श्लोकांत शास्त्र प्रमाण मानायला सांगितलंय, आणि गोरा शास्त्र प्रमाण मानत नव्हते. पण परंपरेत 'नास्तिक' या शब्दाचा जुना अर्थही तोच आहे, मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. ईश्वरकृष्णाचं सांख्य जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय उभं आहे, तरी ते आस्तिक दर्शन. त्यामुळे 'देव मानणं' आणि 'धर्माने वागणं' यांची गाठ आपल्याकडे कधीच इतकी घट्ट नव्हती, जितकी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बांधतो.

आणि विदर्भातल्या माणसाने तर हा प्रश्न विचारायचीच गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आमच्या आळीत निम्मी घरं बौद्ध. त्या घरांत पंचशील म्हणतात: हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, नशा नको. जग निर्माण करणारा, शिक्षा देणारा देव त्यात कुठेच नाही. बाबासाहेबांनी तर लिहिलंय की इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मुलगा त्या घरातला होता. त्याची नीती माझ्यापेक्षा कमी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या बाजूचंही बघा. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी उघडलं, तेव्हा कडाडून विरोध करणारे नास्तिक नव्हते, रोज पूजा करणारे होते. आणि उघडणारे जमनालालजीही वैष्णवच. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीसोबत परचुरे कुटीही बघा. परचुरेशास्त्री, संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे, ज्या काळात माणसं सावली टाळायची. ती सेवा श्रद्धेतूनच आली होती. म्हणजे श्रद्धेतून दोन्ही निघतं.

मग आपण भक्ती कशाला करतो? इथे मी अडकलो होतो, आणि इथेच माझी गोष्ट येते.

गेल्या महिन्यात ऑफिसात रात्री एक सिस्टिम बंद पडली. चूक माझी होती. एक कमांड मी न तपासता चालवली. सकाळी रिपोर्ट लिहिताना मी "कॉन्फिगरेशनमधली विसंगती" असं लिहिलं. वाक्य खोटं नाही, पण करणारा गायब. त्याचा ताण माझ्या टीममधल्या एका मुलावर आला, कारण ते कॉन्फिगरेशन त्याने लिहिलेलं होतं. तो पक्का नास्तिक. माझ्या एकादशीची मस्करी करतो. त्याने मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं, "फाईल माझी आहे, मी अजून काळजी घ्यायला हवी होती." स्वतःची नसलेली चूक त्याने अर्धी का होईना अंगावर घेतली.

त्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळी मी विठ्ठलासमोर बसलो, हरिपाठ केला, मनातल्या मनात सगळं कबूल केलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि उठलो तेव्हा हलकं वाटलं. झोपही लागली.

तेच हलकं वाटणं या श्लोकापाशी आल्यावर टोचायला लागलं. गोरांचा कलकत्त्याचा मुद्दा, ज्यावर मी चिडलो होतो, तो माझ्या देवघरातच घडला होता. माझ्यावरचा भार मी देवावर टाकला, आणि ज्या पोराच्या डोक्यावर तो खरंच होता, तिथे तसाच राहू दिला. त्या मुलाकडे असं हलकं व्हायला जागाच नाही. चूक झाली तर त्याला माणसासमोरच कबूल करावी लागते.

म्हणून मी देव सोडणार आहे का? नाही. विठ्ठलासमोर बसलो नसतो तर कदाचित चूक स्वतःशीही कबूल केली नसती, एवढा मी निगरगट्ट आहे हे मला माहीत आहे. मला चांगलं काय ते कळायला देव लागला असं नाही, ते त्या रिपोर्टचं वाक्य लिहितानाच कळत होतं. कळलेलं डोळ्यांआड जाऊ नये म्हणून मला तो लागतो. कुणाला त्याशिवाय जमत असेल. जमतंच, मी बघितलंय.

गोरा-गांधींच्या गोष्टीचा एक तुकडा राहिला. गोरांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचं लग्न सेवाग्रामला लावायचं ठरलं होतं. गांधीजी स्वतः लावणार होते, आणि शपथेत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला ते तयार झाले होते. ३० जानेवारी १९४८ ला त्यांचा खून झाला. खून करणारा नास्तिक नव्हता, गीतेचे दाखले देणारा होता. मार्चमध्ये आश्रमातच ते लग्न लागलं, ठरल्याप्रमाणे, सत्याला साक्ष ठेवून. प्रार्थना करणारे लोक आजूबाजूला होते.

पुढच्या वेळी वर्ध्याला याल तेव्हा गोपुरीच्या गीताई मंदिरात जा. मूर्ती नाही, छप्पर नाही, उघड्यावर उभ्या दगडी शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली. सोळाव्या अध्यायाच्या शिळा शोधा आणि पहिल्या तीन श्लोकांतले गुण बोटाने मोजा. मी दिवाळीत मोजले होते, तेव्हा 'आर्जव' या शब्दावरून पटकन पुढे गेलो होतो. आर्जव म्हणजे सरळपणा.

रिपोर्ट दुरुस्त करून, माझं नाव घालून, टीमला मेल आज सकाळी केला. त्या मुलाचं उत्तर आलं, एकच ओळ: "ठीक आहे दादा, चहा तुमच्याकडून."

उद्या नववा श्लोक.

जय जगत्!