भिंतीवर जे लावलं नाही

प्रश्न : सुटीत व्हिएतनामला जाऊन आलो. हो ची मिन्ह सिटीतलं युद्धसंग्रहालय पाहून सुन्न झालो, पण सगळं एकतर्फी वाटलं. अशी संग्रहालयं दोन्ही बाजू का मांडत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एकतर्फी आहेच, आणि सुरुवातीला तर ते लपवलेलंही नव्हतं. हे शहर, म्हणजे तेव्हाचं सायगाव, पडल्यावर चारच महिन्यांत, सप्टेंबर १९७५ मध्ये, ते उघडलं तेव्हा नावातच अमेरिका आणि तिच्या ‘बाहुल्यां’चे गुन्हे होते. १९९० मध्ये नावातून अमेरिका गेली. १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच वर्षी गुन्हेही गेले; उरले युद्धाचे अवशेष.

आतले फोटो खोटे नाहीत, हे आधी सांगायला हवं. १६ मार्च १९६८ रोजी माय लायला अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली. व्हिएतनामच्या मोजणीप्रमाणे ५०४ जण मेले. ते तिथे आहे, असायलाच हवं. पण त्याच्या काही आठवडे आधी हुए शहर कम्युनिस्ट फौजांच्या ताब्यात होतं आणि त्यांनी मारलेल्या नागरिकांचे सांगाडे पुढे सामूहिक खड्ड्यांत सापडले. त्याचा तिथे पत्ता नाही. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या दक्षिण व्हिएतनामचे दोन लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले. तेही व्हिएतनामीच. त्यांच्या आईबापांनी त्या दालनात काय बघायचं?

दोन्ही बाजू मांडायला गेलं की काय होतं, हेही बघा. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान १९९५ मध्ये, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयाला दाखवायचं होतं. विमानासोबत खाली जमिनीवर काय झालं तेही मांडायचा बेत होता. त्यात हिरोशिमातल्या एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. त्यांचं सगळंच चूक नव्हतं. आशियात जपानने जे केलं त्याला पहिल्या मसुद्यात जागा तोकडीच होती. पण त्यावर उपाय जागा वाढवण्याचा होता. झालं भलतंच. सिनेटने निषेधाचा ठराव केला, जानेवारी १९९५ मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झालं, मे महिन्यात संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये विमानाचा पुढचा भाग दाखवला गेला, डबा नाही.

तेव्हा संग्रहालय कोणाच्या पैशावर चालतं आणि कोणाला दुखवायला घाबरतं, हे आधी विचारावं. फलक मग वाचावेत. ‘एनोला गे’ आता अखंड जोडून डलेस विमानतळाजवळच्या दालनात उभं आहे. २००३ मध्ये ते तिथे मांडलं तेव्हा फलकावर भर होता विमानाच्या तांत्रिक माहितीवर. बॉम्बने किती माणसं मेली हे त्यावर लिहा, अशी मागणी इतिहासकारांनी केली. संग्रहालयाने ती मानली नाही.