पान, फूल आणि फ्रिजमधली सफरचंदे



आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६ आणि २७

सव्विसावा श्लोक आपल्या सगळ्यांच्या कानावरचा आहे. पान, फूल, फळ किंवा नुसते पाणी, जो मला भक्तीने देतो त्याचे ते मी आवडीने घेतो, असे भगवंत त्यात सांगतात. लहानपणापासून ऐकलेला श्लोक, त्यामुळे मला तो कळला आहे असेच मी धरून चाललो होतो. या मार्चमध्ये एका फुलांच्या प्रदर्शनाने आणि तीन कुंड्यांनी माझा तो समज काढून टाकला. तेच आज लिहितो.

बाबा आषाढात गेले. मला विमान मिळून साताऱ्याला पोचेपर्यंत सगळे उरकले होते. त्यानंतर ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, फिलाडेल्फियाजवळ, आली. येताना तिने बाळकृष्ण आणि विठोबाची तसबीर आणली. साताऱ्याच्या घरी पूजेची फुले काढायचे काम बाबांचे. पहाटे पितळी परडी घेऊन परसात जायचे; जास्वंद, तगर, पारिजातक. विकतचे फूल सणावाराला, रोज घरचेच, हा त्यांचा नियम. इकडे थंडीत घरचे फूल कुठून येणार? दुकानातून मी आणत होतो, आई वाहतही होती. पण एकदा ती सहज म्हणाली, "परडी रिकामी दिसते रे."

झाले. मी ट्यूलिपचे कंद आणले. या कंदांची गंमत अशी की त्यांना फुलण्याआधी थंडी सोसावी लागते. कुंडीत लावून साधारण चौदा-पंधरा आठवडे चार ते नऊ अंश तापमानात ठेवायचे, मग उबेत आणि उजेडात आणायचे. तीनेक आठवड्यांत ऐन हिवाळ्यातसुद्धा घरात फूल येते. मी इंजिनीअर माणूस, लगेच उलटी गणती केली. ऑक्टोबरच्या शेवटी कुंड्या गराजमधल्या फ्रिजमध्ये, फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेर, महिनाअखेर फुले. चक्क स्प्रेडशीट केली होती!

फेब्रुवारीत कोंब आले, पाने आली, हिरवीगार. कळ्या मात्र पानांच्या पोटातच कागदासारख्या वाळून गेल्या. तिन्ही कुंड्यांत तेच. मी रोज सकाळी खिडकीपाशी जाऊन पाहायचो आणि न बोलता ऑफिसचा लॅपटॉप उघडायचो. आई बघत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे फिलाडेल्फियाचे फुलांचे प्रदर्शन पाहायला गेलो. हे प्रदर्शन फार जुने आहे. पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२७ साली स्थापन झाली आणि १८२९ मध्ये तिने पहिले प्रदर्शन भरवले. करोनाच्या काळात, २०२१ आणि २०२२ साली, ते जून महिन्यात उघड्या बागेत भरले होते. एरवी ते मार्चमध्ये, शहराच्या मधोमध असलेल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, छपराखाली असते. रस्त्यावर झाडे अजून खराट्यासारखी उभी, अंगावर जाड कोट. आणि दार ओलांडले की ओल्या मातीचा वास, हायसिंथचा घमघमाट, ट्यूलिप, डॅफोडिल, अझेलिया, सगळे एकदम फुललेले. आई दारातच थांबली. म्हणाली, "बाहेर शिशिर आणि आत वसंत. हे कसं काय जमवतात रे?"

कसे जमवतात, ते जरा वाकून पाहिले की कळते. खाली काँक्रीटची जमीन आहे. झाडे बहुतेक कुंड्यांतच असतात आणि कुंड्यांच्या कडा लाकडाच्या भुश्शाने झाकलेल्या असतात. काही झाडे उबेत ठेवून लवकर फुलवतात, काहींना थंडीत रोखून धरतात, म्हणजे सगळी एकाच आठवड्यात तयार होतात. शेकडो झाडांची एकच डेडलाइन! मला त्या माळ्यांबद्दल आदरच वाटला.

तिथे माहिती द्यायला उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंना मी माझ्या कुंड्यांचे विचारले. तापमान सांगितले, आठवडे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला : फ्रिजमध्ये आणखी काय होते?

सफरचंदे होती. ऑक्टोबरात मुलीला बागेत सफरचंदे तोडायला नेले होते, ती पिशवीभर सफरचंदे त्याच फ्रिजमध्ये होती. पिकणारे सफरचंद इथिलीन वायू सोडते आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. पाने येतात, फूल येत नाही. म्हणजे तापमान बरोबर, तारखा बरोबर, आणि शेजारी काय ठेवले आहे तेच मी पाहिले नव्हते.

पुढे हौशी लोकांनी वाढवलेल्या झाडांची स्पर्धा होती. पहिल्या क्रमांकाला निळी फीत, काही झाडांपुढे परीक्षकांचे शेरे. एका सुरेख झाडाचा क्रमांक पानांवरून गेला होता. आईने शेरा वाचून घेतला, चष्मा वर करून ते पान शोधले. टोकाला जरासे सुकलेले. "एवढ्यासाठी?" म्हणाली, आणि हसली. मी समजावले, की परीक्षकाचे कामच ते आहे. ती म्हणाली, "हो, त्यांचं बरोबरच आहे. ते झाडाचे परीक्षक."

या वाक्यापाशी आपण थोडे थांबू.

ज्ञानेश्वर माउलींनी नवव्या अध्यायात या श्लोकावर जे लिहिले आहे ते अवश्य वाचा. भक्ताने फळ दाखवले की देव दोन्ही हात पुढे करतो आणि देठही न काढता ते खातो. फूल खरे तर हुंगायचे, पण देव ते तोंडातच घालतो. आणि पान? ते ताजे असायला हवे असेही नाही. सुकलेले, कसलेही चालते. पुढे सुदाम्याच्या पोह्यांची आठवण येते. माउलींच्या मते पान, फूल, फळ हे भजनाचे निमित्त आहे, देवाला हवी आहे ती भक्ती. प्रदर्शनात ज्या सुकल्या टोकावरून क्रमांक जातो, तसले पान इथे देवाला अमृतासारखे वाटते. परीक्षक झाड पाहतो. देव देणाऱ्याला पाहतो.

पण यावरून "कसेही करा, चालते" असा अर्थ कोणी काढू नये. श्लोकात देणाऱ्याला एक विशेषण आहे : प्रयतात्मा, म्हणजे ज्याने आपले मन शुद्ध केले आहे, आवरले आहे तो. वस्तूला अट नाही, पण मनाला आहे. मला वाटते, आपण हे नेमके उलटे करतो. वस्तू चोख करायला रात्री जागवतो आणि मनात काय ठेवले आहे ते बघतच नाही. फ्रिज बरोबर, आणि आत सफरचंदे!

माझ्या मनात काय होते, ते दुसऱ्या दिवशी कळले. सकाळी आईने कुंडीतले एक पान खुडले, धुतले आणि बाळकृष्णाला वाहिले. मी म्हणालो, "आई, फूल द्यायचं होतं गं तुला." ती निरांजन लावत होती, वळलीही नाही. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा तू नव्हतास, त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पण त्याची भरपाई कुंडीनं होते का? तू रोज त्या कुंडीकडं बघायचास ते हप्ता चुकल्यासारखं. माझ्याशी चार शब्द बोलायचास तरी."

मी तिथेच खाली बसलो. बऱ्याच दिवसांनी आम्ही बाबांबद्दल बोललो. ऑफिसची सकाळची मीटिंग मी चुकवली.

मंडळी, मी फूल अर्पण करत नव्हतो, कर्ज फेडत होतो. कर्जात हिशेब असतो, तारीख असते, आणि तारीख चुकली की लाज. अर्पणात यातले काही नसते. म्हणून तर श्लोकात पानाचे नाव फुलाच्या आधी येते, असे आता मला वाटते. पान कोणाकडेही असते, बाराही महिने. सत्ताविसावा श्लोक हेच पुढे नेतो : जे करतोस, जे खातोस, जे देतोस, ते सगळे मला अर्पण कर. म्हणजे माझा कोड, आईशी बोललेले चार शब्द, आणि न फुललेली कुंडीसुद्धा.

एक छोटी गोष्ट राहिली. १८२९ च्या त्या पहिल्या प्रदर्शनात पॉइन्सेटिया हे मेक्सिकोतले झाड पहिल्यांदा लोकांपुढे मांडले गेले. त्याच्या लालभडक पाकळ्या या खरे तर पाकळ्या नाहीतच, ती पाने आहेत, आपल्या बोगनवेलीसारखीच. हे मी मुलीला सांगितले, तिने आजीला सांगितले. आजी म्हणाली, "बघ, देवानं पानालाही कमी लेखलं नाही."

आजचा अभ्यास : आज कोणाला काही देताना, मग तो फोन असो की चहाचा कप, क्षणभर स्वतःला विचारा : हे मी देतो आहे, की फेडतो आहे?

प्रार्थना : हे पांडुरंगा, हाताला नेटके काम दे आणि मनातला हिशेब काढून घे. जे उगवेल ते तुझे, जे उगवले नाही तेही तुझ्याच पायाशी.

राम कृष्ण हरी.