मंगळाभोंवतींच्या एकाकी लहरी

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. तलावांत खडा टाकला म्हणजे एकामागून एक तरंग उठतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु मागेंपुढें सोबत नसलेली एकच लाट आपला आकार न मोडतां दूरवर जाऊं शकेल काय? इ. स. १८३४ मध्यें स्कॉट रसेल नांवाच्या अभियंत्यानें स्कॉटलंडांतील एका कालव्यांत अशी लाट पाहिली, व घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला. तिला एकाकी लहर म्हणतात. अशा लहरी जलहीन अवकाशांत, मंगळाभोंवतींही आहेत, असें पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या डॉ. भारती काकड व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें आहे.

पाण्यावांचून लहर कशी? वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाले म्हणजे जी विद्युन्मय अवस्था होते, तिला प्लाझ्मा म्हणतात. सूर्यापासून असा प्लाझ्मा दर सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें सतत वाहत असतो; हाच सौरवात. पृथ्वी हा एक मोठा चुंबक असल्यामुळें तिच्या चुंबकक्षेत्रावर आदळून तो बहुतांशीं बाजूस वळतो. शेजारच्या शुक्राला व मंगळाला अशी ग्रहव्यापी ढाल नाहीं. मंगळावर एके काळीं पाणी वाहिल्याच्या खुणा आहेत. परंतु त्याची बरीचशी हवा अवकाशांत निघून गेली व तो कोरडा पडला.

अमेरिकेचें मावेन यान सप्टेंबर २०१४ मध्यें मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. त्यानें ९ फेब्रुवारी २०१५ रोजीं पांच फेऱ्यांत घेतलेल्या विद्युत्क्षेत्राच्या नोंदी या संशोधकांनीं तपासल्या. क्षेत्र क्षणभर एका बाजूस, मग उलट बाजूस झुकतें, आणि पुन्हां शांत होतें, अशा सुमारें ४५० लहरी त्यांस १००० ते ३५०० किलोमीटर उंचीवर आढळल्या. एकेक लहर सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागापुरतीच टिकलेली! हें संशोधन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें.

इतक्या क्षुद्र लहरीचें महत्त्व काय? प्लाझ्मांतील लहरी विद्युत्कणांना ऊर्जा देऊं-घेऊं शकतात. म्हणून मंगळाची हवा कशी निसटते, हें समजण्यास त्यांचा अभ्यास उपयोगी आहे. आणि आपल्या नद्या-तलाव कोणत्या ढालीआड सुरक्षित आहेत, हेंही त्यावरून उमगतें.

यान परदेशचें होतें. परंतु त्याच्या नोंदी साऱ्या जगास खुल्या होत्या. त्या चिकाटीनें वाचणारे डोळे मात्र आपल्या महाराष्ट्रांतील होते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.